अगाशीवरची छत्री मिटायची कोणी?



गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका तरुण जोडप्याने आपल्या वरच्या गच्चीसाठी मोठी उभी छत्री आणली. नऊ फुटी, खाली जड बैठक, मध्ये दांडा. सूनबाई मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, “काका, सोसायटीची छत्री तुम्ही इतकी वर्षं सांभाळताय. सुरतेच्या वाऱ्यात टिकते कशी ते सांगा ना.” मी म्हटलं, लिहून देतो. लिहायला बसलो तर उत्तर पानभर वाढलं. त्यात थोडा इतिहास आला, थोडा हिशेब आला आणि एक गोष्ट अशी आली की जी मी आजवर कुठे लिहिली नव्हती. म्हणून ते सगळ्यांसाठीच टाकतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी सुरतेबद्दल. मी १९८३ साली बँकेच्या बदलीवर इथे आलो, दोन वर्षांसाठी म्हणून. ती दोन वर्षं अजून संपायची आहेत! इथे गच्चीला अगाशी म्हणतात आणि सुरती माणसाचं अर्धं आयुष्य अगाशीवर जातं. उत्तरायणाला पतंग, उन्हाळ्यात रात्रीची झोप, चांदनी पडव्याला घारी आणि भुसूं. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी अडाजण-रांदेरमध्ये शिरलं तेव्हा आमच्या इमारतीतल्या तळमजल्याच्या बिऱ्हाडांनी अगाशीवरच संसार मांडला होता. ताडपत्री बांधली होती आणि ती वाऱ्याने फडफडायची तो आवाज अजून कानात आहे.

वाऱ्याशी या शहराचं नातं फार जुनं. इंग्रज, डच यांची जहाजं इथून काही कोसांवर सुवालीला नांगर टाकायची, आणि ती येणार कधी, जाणार कधी, हे कोणा सुभेदाराच्या हातात नव्हतं, मोसमी वाऱ्याच्या हातात होतं. ज्येष्ठ-आषाढात नैऋत्येचा वारा सुटला की शिडं उतरवायची आणि समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला आपले कोळी बांधव समुद्राला नारळ देतात त्यामागेही हाच हिशेब आहे. ज्यांचं पोट वाऱ्यावर चालतं त्यांना कापड कधी उतरवायचं हे कळतं. छत्री म्हणजे तरी काय, दांड्यावर ताणलेलं कापडच.

आता एक गंमत सांगतो. ज्या माणसाने छत्रीचं वर्णन इंग्लंडच्या वाचकांपर्यंत नेलं तो माणूस आपल्या सुरतेत वारला. त्याचं नाव टॉमस कोरियट. हा भटक्या गृहस्थ १६०८ मध्ये व्हेनिसपर्यंत जाऊन आला, बराचसा प्रवास पायी, आणि १६११ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापून आलं. जेवताना काटा वापरायची इटालियन पद्धत त्याने त्यात लिहिली आणि छत्रीही. ती छत्री चामड्याची, आतून लाकडी कड्यांनी ताणलेली. घोडेस्वार ती हातात धरायचे आणि दांड्याचं टोक मांडीवर पक्कं करायचे. पुढे हाच कोरियट अलेप्पोहून चालत चालत अजमेरला पोहोचला, जहांगीर बादशहासमोर फारसीत भाषण ठोकून शंभर रुपये बक्षीस मिळवलं आणि १६१७ च्या डिसेंबरात सुरतेत मरण पावला. सुवालीच्या बाजूला राजगरीत एक घुमटी त्याचं थडगं म्हणून दाखवतात. समुद्राचा वारा तिथे मोकळा येतो.

त्याच्या वर्णनातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. छत्री कशाची, केवढी, हे सांगून तो थांबला नाही. दांडा कुठे रोवलेला असतो हे त्याने सांगितलं. मांडीवर. म्हणजे वारा आला की पहिल्यांदा त्या स्वाराच्या मांडीला कळणार.

आपल्याकडे तर छत्र ही राजचिन्हाची गोष्ट. १६६४ आणि १६७० मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा पहिल्या वेळी इथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता सर जॉर्ज ऑक्झिंडन. त्याची भव्य दुमजली कबर कतारगाम रस्त्यावरच्या इंग्रजी कबरस्तानात आहे, बघितली नसेल तर जरूर बघा. त्याच घराण्यातला हेन्री ऑक्झिंडन १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता. त्या दिवसापासून आपले राजे छत्रपती झाले. मराठेशाहीत छत्री, अब्दागिरी, पालखी हे मान सरकारातून दिले जायचे, ज्याला वाटेल त्याने छत्री उघडायची अशी सोय नव्हती. अब्दागिरी हा शब्द फारसी आफताबगीरवरून आला, म्हणजे सूर्य अडवणारी. इंग्रजांनीही हा थाट उचलला. सतराव्या शतकात मद्रासच्या त्यांच्या वसाहतीत छत्री कोणावर धरायची आणि कोणावर नाही याचे लेखी नियम होते. कौन्सिलच्या सभासदांवर, वखारींच्या प्रमुखांवर, पाद्र्यांवर धरायची, साध्या कारकुनावर नाही. आणि ती धरायला वेगळा पोऱ्या असे.

मंडळी, या सगळ्यात एक गोष्ट समान आहे बघा. छत्र असो, अब्दागिरी असो, साहेबाची छत्री असो, प्रत्येकीखाली एक माणूस होता. छत्रधर, अब्दागिऱ्या, पोऱ्या. वारा वळला की त्याचा हात आपोआप वळायचा. झोत मोठा असेल तर तो छत्र उतरवायचा. मानकरी वर, पण वाऱ्याची अक्कल खालच्या माणसाकडे.

लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यावर जोनास हॅनवे नावाचा गृहस्थ पावसात छत्री घेऊन फिरू लागला तेव्हा भाडोत्री गाड्यांवाले त्याची टर उडवत, कारण छत्री आली तर पावसात गाडी कोण करणार? तिथून छत्री प्रत्येकाने स्वतःच धरायची झाली. १८५२ मध्ये सॅम्युअल फॉक्सने पन्हाळीच्या आकाराच्या पोलादी काड्यांचा सांगाडा काढला. त्याआधी काड्या देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्यांच्या किंवा वेताच्या. आता छत्री हलकी झाली, स्वस्त झाली. मग कधीतरी तिचा दांडा वाळूत, टेबलात, सिमेंटच्या बैठकीत रोवला गेला आणि धरणारा माणूसच उरला नाही. अगाशीवरची, हॉटेलातली, बागेतली छत्री म्हणजे ही, धरणारा काढून टाकलेली. त्याच्या जागी आपण पंचवीस-तीस किलोचं ओझं ठेवलं आणि समजलो की काम झालं.

काम होत नाही. मी कॉमर्सचा माणूस, पण हिशेब मांडता येतो. नऊ फुटी छत्रीचं क्षेत्रफळ साधारण ५.९ चौरस मीटर. तिचं तोंड पूर्ण वाऱ्याकडे झालं तर ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर सुमारे ११ किलोचा जोर येतो. वारा दुप्पट म्हणजे ४० झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, सुमारे ४४ किलो. ६० झाला तर १०० किलो. सरळ व्याजाचं गणित इथे लागत नाही, आणि माणसं फसतात ती नेमकी इथेच. वीसला हललीसुद्धा नाही म्हणून निवांत बसतात.

दुसरा हिशेब बैठकीचा. समजा बैठक तीस किलोची आणि मध्यापासून कडेपर्यंत पाव मीटर. कापड सव्वादोन मीटर उंचीवर. मग वर जेमतेम साडेतीन किलोचा आडवा धक्का बसला तरी सगळं सामान कलंडू शकतं. तरफेचा नियम, शाळेत शिकलो तोच. छत्री सरळ उभी असताना वारा तिच्या काठावरून निघून जातो म्हणून ती एरवी उभी राहते. एकदा का ती तिरकी झाली आणि पोटात वारा शिरला की मग ती छत्री राहत नाही, शीड होते.

तर सूनबाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. बैठकीत पाणी भरू नका, वाळू भरा. वीस लिटरच्या बैठकीत पाणी वीस किलो बसतं, कोरडी वाळू तीसच्या आसपास. शिवाय पाणी उन्हात आटतं, प्लॅस्टिक तडकलं तर गळून जातं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. बैठक जितकी रुंद तितकी बरी. भोक असलेल्या जड टेबलातून दांडा घेतला तर फार उत्तम, कारण तो दोन जागी धरला जातो. शेंड्याला झडप असलेली, म्हणजे दुहेरी टोपी असलेली छत्री घ्या, खालून शिरलेला वारा तिथून बाहेर पडतो. छत्री कलती करायचा खटका असेल तर तो सकाळच्या शांत वेळीच वापरा, संध्याकाळी दांडा सरळ. कठड्याजवळ ठेवू नका, जिन्याच्या खोलीच्या आडोशाला ठेवा.

कापडाचं तर आपण सुरतकरांना कोणी सांगायला नको. पॉलिएस्टर आपल्या रिंग रोडच्या मार्केटात तागेच्या तागे मिळतं. पण रंग विणल्यावर चढवलाय की धागा बनतानाच आत घातलाय हे विचारा. दुधात केशर घालणं वेगळं आणि बर्फीला वरून वर्ख लावणं वेगळं. धाग्यातला रंग उन्हात पुष्कळ जास्त टिकतो. मिटताना कापड ओलं असेल तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवा, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. समुद्राची हवा आहे, खटक्याला आणि सांध्यांना महिन्यातून एकदा तेलाचं बोट. आणि ज्येष्ठ लागला की सरळ खोळ घालून आत, गणपती येईपर्यंत.

कधी मिटायची याची खूण साधी आहे. इंग्रजांच्या आरमारातल्या ब्यूफोर्टने १८०५ मध्ये वाऱ्याच्या पायऱ्या पाडल्या. त्यातली चौथी पायरी म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर. या पायरीवर धूळ उठते आणि सुटे कागद उडतात. माझा नियम एवढाच, मांडीवरचा पेपर धरून वाचावा लागला की पेपर खाली ठेवायचा आणि छत्री मिटायची.

हा नियम मला कोणी शिकवला ते आता सांगायला हवं. ते न सांगता वरचं सगळं सांगणं म्हणजे ताळेबंदातली एक बाजू लपवणं.

२०१७ मध्ये सोसायटीच्या पैशातून अगाशीवर छत्री घ्यावी हा ठराव माझाच. मी तेव्हा खजिनदार. आम्ही सात-आठ म्हातारे संध्याकाळी तिथे बसायचो. उघडायला सगळे पुढे. मिटायची कोणी, हे ठरावात नव्हतं. सगळ्यांची छत्री म्हणजे कोणाचीच नाही, एवढं चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन नावांवर असतात. ‘सगळ्यांकडे’ कधीच नसतात.

२०१८ चा जून, वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. बाकीचे खाली गेले होते, मी एकटाच पेपर वाचत होतो. समुद्राच्या बाजूने आभाळ भरून आलं होतं. पेपराची पानं फडफडत होती, ती मी चष्म्याच्या डबीने दाबून ठेवली. तेवढ्यात फोन आला, हिचा. चहा झालाय, म्हणाली. पाच मिनिटांत परत येऊ म्हणून छत्री उघडी ठेवून मी उतरलो. कप हातात घेतला आणि वरून घसरत नेल्यासारखा आवाज आला. मग रस्त्यावरून आरडाओरडा.

छत्री कठड्यावरून खाली गेली होती. कोपऱ्यावर भाजीची लारी लावणारे एक गृहस्थ आहेत, मूळचे खानदेशातले, नंदुरबारकडचे. त्यांची दहा वर्षांची मुलगी लारीमागे क्रेटवर बसून गृहपाठ करत होती. छत्रीची काडी तिच्या कपाळाला, केसांच्या कडेशी लागली. चार टाके पडले. डोळ्यापासून अंतर दोन बोटं. बैठक मागे अगाशीवरच राहिली, दांडा खोबणीतून उपटला होता. ती खाली आली असती तर काय झालं असतं हा विचार मला अजूनही रात्री उठवतो.

मी तिला दवाखान्यात नेलं, बिल भरलं, बापाचा दोन दिवसांचा धंदा बुडाला तोही दिला. लोक म्हणाले, खजिनदार देवमाणूस. आणि मी ऐकून घेतलं.

त्या रविवारी मिटिंग झाली. सेक्रेटरींनी विचारलं, शेवटी अगाशीवर कोण होतं? कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही. प्रोसिडिंग बुकात लिहिलं गेलं, ‘अचानक सुटलेल्या वाऱ्यामुळे अपघात.’ खाली माझी सही आहे. बँकेत दुसऱ्याचं असलं व्हाउचर माझ्यासमोर आलं असतं तर मी ते पास केलं नसतं. अचानक कसला? माझ्या मांडीवरच्या पेपराने मला दहा मिनिटं आधी सांगितलं होतं.

हिला त्या रात्रीच सगळं माहीत झालं. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, “त्या मुलीच्या बापाला तरी सांगा.” तिला वडाला फेऱ्या घालायच्या होत्या ज्या नवऱ्यासाठी, तो असा निघाला.

मिटिंगनंतर दोन दिवसांनी गेलो. लारीवर गिऱ्हाईक नव्हतं. सांगितलं, छत्री मीच उघडी ठेवली होती. त्यांनी हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवली. चिडले नाहीत, पण हसलेही नाहीत. म्हणाले, “साहेब, माझी छत्री बघा. त्या दिवशी वारा सुटला तसं मी पहिले तिला मिटली, दोरीनं बांधली, मग गिऱ्हाईकाला भेंडी तोलून दिली. गिऱ्हाईक ओरडत होतं. माझी उडाली तर कोणाला लागेल, हे मला रोज दिसतं ना, समोरच माणसं चालतात. तुम्ही वर बसता, तुम्हाला खालचं दिसत नाही. पुन्हा उघडाल तर मिटायला एक माणूस ठेवा, नावानिशी.”

मी ऑक्झिंडनची कबर बघितली होती, कोरियटची घुमटी बघितली होती, छत्रीवर भाषण देऊ शकलो असतो. पण छत्रधर म्हणजे काय, हे मला लारीवर समजलं. आपली छत्री आपण धरणारा, तिचा वारा ओळखणारा माणूस कोपऱ्यावर रोज उभा होता आणि त्याच्याकडून मी कोथिंबीर फुकट मागत होतो.

नवीन छत्री घेतली तेव्हा अगाशीच्या दाराला एक वही टांगली. उघडली किती वाजता, मिटली किती वाजता, सही. लोक हसले, म्हणाले अगाशीवर बँक उघडली. हसू देत. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते वादळ दीव-उन्याच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, सुरतेतही झाडं पडली. आमच्या वहीत १६ तारखेची नोंद आहे, ‘संध्याकाळी मिटली, खोळ घालून जिन्यात ठेवली.’ सही दुसऱ्या मजल्यावरच्या पटेलभाभींची नातवाने केलेली. छत्रीला काही झालं नाही. गाजावाजा करत येणाऱ्या वादळासाठी सगळेच तयार असतात. घात करतो तो चहाच्या वेळेचा वारा.

ती मुलगी आता कॉमर्स घेऊन शिकतेय. हिशेबाचं पुस्तक घेऊन कधी कधी माझ्याकडे येते. केस मागे घेतले की खूण दिसते, मी वहीत बघतो. गेल्या आठवड्यात मी तिला चूक दुरुस्तीचा धडा समजावत होतो. चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नाही, पान फाडायचं नाही. तारीख घालून उलट नोंद करायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. ती म्हणाली, “काका, मग किती उशिरापर्यंत करता येते अशी नोंद?” मी म्हटलं, लक्षात आल्याबरोबर करायची असते. आणि मग मलाच पुढे बोलता येईना.

तर मंडळी, आमच्या सोसायटीचे बरेच जण हे वाचतील. २०१८ च्या प्रोसिडिंग बुकातली ती ओळ मी आज बदलू शकत नाही. ही तिची उलट नोंद समजा. वारा अचानक सुटला नव्हता. शेवटी अगाशीवर मी होतो. छत्री मिटायची माझी होती.

सूनबाई, तू छत्री जरूर वापर, सुरतेच्या उन्हात ती हवीच. फक्त घरात दोघांपैकी मिटणारा कोण, हे आजच ठरवा.

चूकभूल द्यावी घ्यावी.